सहा तुकडे, एक ओटा

आमच्या जुन्या ओट्यावर, सिंकच्या उजव्या हाताला, एक पांढुरका अर्धचंद्र होता. कशानेही घासला तरी जायचा नाही. चिरलेलं अर्धं लिंबू पालथं ठेवायची सासूबाईंची ती जागा. ओटा कडप्प्याचा, १९९४ साली नागपुरात मानेवाड्याचं घर बांधलं तेव्हा सासऱ्यांनी टाकलेला. कडप्पा म्हणजे शेवटी चुनखडीचाच दगड. लिंबू, चिंच, ताक त्याला रोज थोडं थोडं खातात आणि तेवढ्या जागेची चकाकी जाते. आपण डाग समजून घासत बसतो, पण तिथे डाग नसतोच. दगडच तेवढा झिजलेला असतो.

त्याच ओट्याच्या सांध्यातून पाणी झिरपून खालच्या कपाटाचं प्लाय फुगलं, मग झुरळं झाली, मग २०२३ च्या दिवाळीत मिठाच्या बरणीखालचा तुकडाच हलायला लागला. दिवाळी झाल्यावर ओटा काढायचा असं ठरलं.

घरात चौघं आणि मतं पाच. नवऱ्याला ब्लॅक गॅलेक्सी नावाचा काळा ग्रॅनाईट हवा होता, कारण त्याच्या मित्राच्या बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये तो आहे. मुलीला पांढरा. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "कडप्पाच टाका परत. तीस वर्षं टिकला, अजून कायले पायजे?" माझं म्हणणं एवढंच होतं की मला तो घासत बसायला लागू नये. माझी सकाळची शाळा आहे, साडेसहाला घर सोडते. पाचवं मत भांडी घासायला येणाऱ्या ताईंचं होतं, ते पुढे येईलच.

पहिल्या शनिवारी आम्ही अमरावती रोडवर, वाडीच्या पुढे एका गोडाऊनला गेलो. लाद्या उभ्या करून ठेवलेल्या, सगळ्यांवर धुळीचा एकसारखा राखी थर. मालक एक बाटली घेऊन पुढे पुढे चालले आणि आम्ही ज्या लादीसमोर थांबू तिच्यावर पाणी मारत गेले. धूळ ओघळली की आतून असा काही रंग उमलायचा की आम्ही तिघंही "वा" म्हणायचो. चौथ्या लादीनंतर माझ्या लक्षात आलं की पाणी मारल्यावर रस्त्यावरची गिट्टीसुद्धा छान दिसते. ओटा काही दिवसभर ओला राहणार नाही, आणि ओला राहिला तर तीच माझी कटकट.

नावांनीही गोंधळ उडाला. जेट ब्लॅक, आर ब्लॅक, टॅन ब्राऊन, स्टील ग्रे, लाखा रेड, काश्मीर व्हाईट. ही सगळी बाजारातली नावं. काश्मीर व्हाईटचा काश्मीरशी संबंध नाही, तो तामिळनाडूत मदुराईकडे निघतो. टॅन ब्राऊन तेलंगणातल्या करीमनगरचा, म्हणजे आपला शेजारीच. ब्लॅक गॅलेक्सी आंध्रात ओंगोलजवळच्या चीमकुर्तीचा, आणि त्यातले सोनेरी ठिपके सोन्याचे नसून ब्रॉन्झाइट नावाच्या खनिजाचे. हे सगळं मला आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी डबा खाता खाता सांगितलं. त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली, ती दुकानात कोणी सांगत नाही: काळा ग्रॅनाईट म्हणून जो विकतात तो शास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाईट नाहीच. खऱ्या ग्रॅनाईटमध्ये गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ भरपूर असतं, शिवाय फेल्डस्पार, थोडा अभ्रक. हे काळे दगड गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचे, क्वार्ट्झ नावालाच. पण त्यात काही फसवणूक नाही म्हणाले, उलट त्यांचे कण इतके दाटून बसलेले असतात की पाणी शिरायला जागा कमी.

मी विचारलं, "सर, मग आपला सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड का नाही वापरत?" तर म्हणाले, तो बसाल्ट. लाव्हा थंड होताना त्यात बुडबुडे राहिले, भेगा पडल्या. पायाला आणि खडीला उत्तम, पण नऊ फुटांची अखंड लादी त्यातून निघायची नाही. सीताबर्डीच्या पायथ्याशी राहून दगड आंध्रातून आणायचा, हे काही मला पटलं नाही, पण इलाज नव्हता.

दुसऱ्या फेरीला मी एकटी गेले आणि मालकांना तुकडे मागितले. त्यांच्या गोडाऊनच्या मागे कापून उरलेल्या तुकड्यांचा ढीग होता. "घेऊन जा न ताई, असे डोंगर पडून आहेत आमच्याकडे." मी सहा निवडले: जेट ब्लॅक, ब्लॅक गॅलेक्सी, टॅन ब्राऊन, स्टील ग्रे, काश्मीर व्हाईट, आणि एक फार स्वस्तातला काळा, ज्याला त्यांनीही नाव दिलं नाही. प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलं आणि स्कुटीच्या पुढ्यात ठेवून आणले. वजनाने स्कुटी मानेवाड्यापर्यंत नांगर ओढल्यासारखी चालली.

पुढचे पंधरा दिवस ते सहा तुकडे आमच्याकडे पाहुण्यासारखे राहिले.

पहिल्या संध्याकाळी मुलीने प्रत्येकावर चमचाभर पाणी टाकलं आणि मोबाईलवर वेळ लावली. चार मिनिटांत काश्मीर व्हाईटवर पाण्याखाली करडा डाग उमटला. पाणी पुसलं तरी डाग तसाच, वाळायला तास लागला. आई चष्मा लावून बघत होत्या. "पाणी पेलं यानं," म्हणाल्या. बाकीच्या पाचांवर अर्ध्या तासानंतरही थेंब जसाच्या तसा बसलेला. मग रात्री तेल. आमच्याकडे रविवारचं मटण नवरा करतो, सावजी पद्धतीने, जवसाच्या तेलात, तेव्हा तेलही तेच घेतलं. सकाळी पांढऱ्या तुकड्यावर रुपयाएवढा तेलकट गोल. साबणाने गेला नाही. खायच्या सोड्याचा घट्ट लेप लावून, वर प्लास्टिक झाकून दोन दिवस ठेवला तेव्हा फिका झाला, पूर्ण गेला नाहीच.

हळदीचा मला वेगळाच अनुभव आला. हळदीचं पाणी पांढऱ्यावर चांगलंच बसलं. मी तो तुकडा वैतागून गॅलरीत टाकून दिला आणि चार-पाच दिवसांनी पाहिलं तर पिवळं गायब. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, म्हणून तर हळदीचे डाग पडलेले कपडे आपण उन्हात वाळत घालतो. मुलगी लगेच पांढऱ्याची वकिली करायला लागली. पण आमच्या स्वयंपाकघराला उत्तरेची खिडकी, ओट्यावर ऊन कधी येत नाही. ओटा उचलून गॅलरीत नेणार का, म्हटलं. सीलर मारला तर चालतो, असं दुकानदार म्हणाले होते, आणि ते खोटं नाही. मुरणारे सीलर असतात, दगडाच्या छिद्रांत जाऊन बसतात. पण ते काही वर्षांनी परत मारावे लागतात. ज्या गोष्टीला तारीख लक्षात ठेवावी लागते ती माझ्या घरात होत नाही. पाण्याच्या टाकीची सफाईच आम्ही दर वर्षी विसरतो.

स्वस्तातल्या काळ्याचं बिंग नेलपॉलिश रिमूव्हरने फुटलं. त्यात अ‍ॅसिटोन असतं. कापसावर घेऊन चोळलं तर कापूस काजळासारखा काळा झाला आणि खाली राखी दगड निघाला. म्हणजे मूळचा करडा दगड, वरून रंग चढवलेला. जेट ब्लॅक आणि गॅलेक्सीवर चोळलं तर कापूस पांढराच राहिला. ज्यांना काळाच दगड घ्यायचा आहे त्यांनी एवढी एक गोष्ट दुकानात उभ्या उभ्या करून पाहावी. दहा रुपयांचा कापूस पुरतो. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर तेही उत्तरच.

लिंबू सहाही तुकड्यांवर रात्रभर पालथं ठेवलं. शेजारी फडताळातला कडप्प्याचा तुकडा ठेवला होता. सकाळी कडप्प्यावर धुरकट चट्टा, बाकीच्यांवर पुसलं की काही नाही. सुरीही ओढून पाहिली. दगडावर रुपेरी रेघ उठली तेव्हा नवरा ओरडला, "गेला!" पण ती रेघ सुरीच्या लोखंडाची होती, घासणीने निघाली. पोलाद कठीणपणाच्या मापात साडेपाचच्या आसपास, फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७. ग्रॅनाईटवर भाजी चिरली तर सुरीच बोथट होते. कडप्प्यातलं खनिज जेमतेम ३.

इथपर्यंत असं वाटत होतं की जेट ब्लॅक जिंकला. पाणी पीत नाही, तेल पीत नाही, लिंबाला दाद देत नाही, रंग खरा. नवऱ्याचा गॅलेक्सीही तितकाच पक्का. मग मी चार तुकडे सिंकजवळ ठेवले आणि ताईंना सांगितलं की भांडी घासताना यांच्यावर उडेल तेवढं पाणी उडू द्या, मुद्दाम पुसू नका.

आमच्याकडे नळ सकाळी येतो, तो प्यायला आणि स्वयंपाकाला. धुण्याभांड्याला विहीर. मागच्या अंगणातली विहीर सासऱ्यांच्या आधीपासूनची, उन्हाळ्यातही आटत नाही, पण पाणी जड. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा टणक थर बसतो, तोच इथे. आठवड्याभरात जेट ब्लॅकच्या तुकड्यावर प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी कडी उमटली. एकात एक, एकावर एक, चुन्याने रांगोळी काढल्यासारखी. गॅलेक्सीवरही तेच, ठिपक्यांमुळे किंचित कमी दिसायचं. यात दगडाचा दोष काही नाही. पाणी उडून जातं, त्यातला चुना मागे राहतो, आणि आरशासारख्या काळ्यावर तो दिसणारच. व्हिनेगरने निघाला. पण मला रोज व्हिनेगर घेऊन उभं राहायचं नव्हतं. संडास-बाथरूमचं अ‍ॅसिड तर ओट्याला लावूच नये, पॉलिशची वाट लागते.

ताईंना विचारलं, धुतल्यावर रोज कोरड्या फडक्याने पुसून घ्याल का? त्या म्हणाल्या, "पुसते न मॅडम. पण ते भांड्याच्या पैशात नाही बसत." हे पाचवं मत.

म्हणजे टिकाऊपणाचा प्रश्न पहिल्या तीन दिवसांतच संपला होता. चांगला दगड कोणताही घ्या, तो आपल्यापेक्षा जास्त जगतो. खरा प्रश्न हा होता की आमच्या पाण्याने, आमच्या तेलाने, आमच्या सवयींनी त्याच्यावर दिवसभरात जे काही होईल ते तो किती चव्हाट्यावर मांडेल.

या हिशेबाने टॅन ब्राऊन अव्वल होता. तपकिरी, काळे, लालसर दाणे एकमेकांत इतके मिसळलेले की त्यावर थेंब दिसेना, पीठ दिसेना, डाळीचा ओघळ दिसेना. मी जवळजवळ ठरवलंच होतं. एका सकाळी आई फोडणीला मोहरी घेत होत्या, चमचा कलला आणि मोहरी त्या तुकड्यावर सांडली. त्या बोटाने चाचपत गोळा करायला लागल्या. मग चष्मा आणला. मग तुकडा खिडकीशी नेला. काळी मोहरी काळ्या दाण्यांत अशी काही बसली होती की कुठला दाणा उचलायचा आणि कुठला दगडाचा, हे बोट लावल्याशिवाय कळेना. आई म्हणाल्या, "हा लपवते बाई सगळं. मुंग्या आल्या तं आंगावर चढल्यावरच समजतीन. जे दिसत नाही ते पुसल्या जात नाही."

मी काही बोलले नाही, पण दुपारी शाळेतून आल्यावर मुद्दाम त्या तुकड्यावर दुधाचे दोन थेंब टाकून दुसऱ्या दिवशी शोधले. सापडले ते वासाने.

उरला स्टील ग्रे. कोणाचाच लाडका नव्हता. गडद राखाडी, त्यात फिकट राखाडी कण, लांबून सिमेंटच्या फरशीसारखा. पाणी पीत नाही, तेल पीत नाही. चुन्याच्या कड्या त्यावर होत्या, पण त्याच्याच रंगात विरून जायच्या, जवळ वाकून पाहिल्या तरच दिसायच्या. मोहरी मात्र दिसायची, हळद दिसायची, दूध दिसायचं. आई दोन दिवस त्या तुकड्यावर लसूण ठेचत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हा बरा आहे. गरीब आहे, पण खोटं नाही बोलत." नवरा आठवडाभर रुसला. मुलगी म्हणाली, आपल्या घराचं किचन म्हणजे मेट्रोचं स्टेशन होणार.

क्वार्ट्झचाही विषय निघाला होता, तो लवकर आटोपला. कारखान्यात क्वार्ट्झचा चुरा रेझिनने बांधून त्याच्या लाद्या करतात. डाग धरत नाहीत, दिसायला देखण्या, पण रेझिनला आच सोसत नाही. आमच्याकडे लोखंडी कढई गॅसवरून उचलून थेट ओट्यावर आदळायची परंपरा आहे. ग्रॅनाईटवरही जाळी ठेवूनच गरम भांडं ठेवावं, पण एखाद वेळी विसरलं तर दगड माफ करतो.

लादी निवडायला मात्र नवऱ्याला नेलं आणि तिथे त्याचा रुसवा गेला. तो बुटीबोरीला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. खिशातून वर्नियर काढून त्याने लादीची जाडी चारही कोपऱ्यांत मोजली. मालक १८ मिलिमीटर सांगत होते. एका लादीत एक टोक १८ आणि दुसरं १६ निघालं. दोन मिलिमीटरने काय होतं, असं मालक म्हणाले. होतं हे की सांध्यावर एक लादी वर आणि एक खाली बसते, आणि त्या पायरीत आयुष्यभर पीठ साठतं.

मग लाद्या पालथ्या केल्या. काही कमकुवत लाद्यांना मागून जाळी चिकटवलेली असते, ती यांना नव्हती. मागच्या बाजूने ओलं फडकं फिरवून आम्ही थांबलो. दगड वाळत आला आणि एका लादीवर वीतभर लांब ओली रेघ तशीच राहिली. सगळीकडचं पाणी उडालं तरी भेगेतलं उडत नाही. "नॅचरल लाईन आहे साहेब," मालक म्हणाले. दगडात नैसर्गिक रेघा असतातच, सगळ्या वाईट नसतात. नख आडवं फिरवून पाहायचं. गुळगुळीत गेलं तर बहुधा खनिजाची शीर, अडकलं तर तडा. आमचं अडकलं. लादी बदलून घेतली, पण त्याच लॉटची, कारण एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये रंगाचा फरक चटकन कळतो.

दगड १६० रुपये फुटाने मिळाला. ३४ चौरस फूट, त्याचे ५,४४० आणि वर १८ टक्के जीएसटी. मला वाटलं, स्वस्तात झालं. मग कडेची गोल मोल्डिंग, सिंकचं होल, शेगडीचं होल, हमाली, गाडीभाडं, बसवायची मजुरी, जुना ओटा तोडून मलबा टाकणं. या सगळ्याचे पैसे दगडाच्या पैशांपेक्षा जास्त झाले. म्हणजे १६० चा दगड घ्यायचा की १९० चा, यावर आम्ही चार रात्री जो वाद घातला त्याला फारसा अर्थ नव्हता.

उंचीवरून झालेला वाद खरा होता. जुना ओटा ३० इंच, माझी कंबर तिथेच गेली. मला ३४ हवा होता. आईंची उंची चार फूट दहा. शेवटी ३३ वर मांडवली झाली आणि आईंची कणीक मळायची जागा जेवणाच्या टेबलावर गेली. ते त्यांना अजून पटलेलं नाही.

मिस्त्री बालाघाटकडचे, हात फार सफाईदार. त्यांच्याबरोबर एक विशीतला मुलगा. अंगणात लादी आडवी टाकून त्याने कोरडं कटर चालवलं आणि क्षणात तुळशीपासून फाटकापर्यंत सगळं पांढरं. तोंडाला नुसता गमछा. ग्रॅनाईटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की बाहेर येत नाही, सिलिकोसिस म्हणतात तो आजार यातूनच होतो. मी कपाटातून करोनाच्या वेळचे एन-९५ मास्क काढून दिले आणि विहिरीचा पाइप लावून पाणी टाकत कापायला सांगितलं. मिस्त्री म्हणाले, पाण्याने रेघ दिसत नाही. दिसत नसेल तर सावकाश कापा, म्हटलं. मुलाने मास्क जेवणाच्या सुट्टीपर्यंत लावला. नंतर परत गमछा. मी दोनदा टोकलं, तिसऱ्यांदा मलाच लाज वाटली, कारण त्या दिवशी मला दुपारीही शाळेत जायचं होतं, तेवढ्यात त्याची वेळ झाली आणि मी निघून गेले.

मी शाळेत असतानाच ती चूक झाली. सिंक आम्ही लादीच्या खालून बसवत होतो, म्हणजे ओट्यावरचं पाणी, उष्टं, सगळं एका हाताने सरळ सिंकमध्ये ढकलता येतं. वरून बसवलेल्या सिंकच्या काठाशी जी काळी चिकट मेणासारखी घाण साठते तिच्यापासून सुटका. पण अशा सिंकच्या होलाचे कोपरे उघडे दिसतात. मी आधीच सांगून ठेवलं होतं की चारही कोपऱ्यांत पहिले ड्रिलने गोल भोकं पाडा आणि एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत कापा. तीन कोपरे तसे झाले. चौथ्यात ब्लेड पुढे गेलं आणि कोपऱ्याच्या बाहेर जवळजवळ सेंटीमीटरभर चीर पडली. गोल पातं सरळ कोपऱ्यात थांबत नाही, ते पुढे निसटतंच. आणि दगड तडकतो तो अशा टोकदार चिरेपासूनच. त्यातही ती पुढची पट्टी, सिंक आणि ओट्याची कड यांच्यामधली, फक्त तीन इंचांची. पूर्ण ओट्यात सगळ्यात नाजूक जागा तीच.

मिस्त्री म्हणाले, आत्ता भरून देतो, कळणारही नाही. दुकानात फोन केला तर ते म्हणाले, कटिंग आमचं नाही. लादी बदलायची म्हणजे पुन्हा सगळं. मग नवऱ्याने इतवारीतून स्टेनलेस स्टीलची पट्टी आणली आणि त्या तीन इंचांच्या खालून इपॉक्सीने चिकटवली. साधं लोखंड लावू दिलं नाही, ते सिंकखाली गंजतं, फुगतं आणि दगडालाच फोडतं. चीर दगडाच्या भुकटीत इपॉक्सी कालवून भरली. आजही मला ती दिसते. दुसऱ्या कोणाला दाखवावी लागते.

एक गोष्ट मात्र मिस्त्रींनी न सांगता केली, तिचं श्रेय त्यांना. ओट्याची कड कपाटाच्या पुढे दीड इंच आली आहे, तिच्या खालच्या अंगाने त्यांनी कटरने एक बारीक खाच ओढली. कडेवरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी येतं आणि तिथून खाली टपकतं, आत कपाटाकडे जात नाही. जुन्या ओट्याचं प्लाय सांध्यांइतकंच या खाचेवाचूनही फुगलं होतं. लेव्हल लावून सिंकच्या दिशेने हलकासा उतारही त्यांनीच दिला. मुलीने कंचा ठेवून पाहिला, तो हळूहळू सिंककडे घरंगळला.

शेवटच्या दिवशी दुकानातून माणूस सीलरची बाटली घेऊन आला. मी नव्या ओट्यावर पाण्याचा थेंब टाकला आणि त्याला चहा दिला. चहा संपेपर्यंत थेंब जसाच्या तसा होता. दगड पीतच नसेल तर सीलर जाणार कुठे? वर चिकट ढग धरून बसेल. तो हसला आणि बाटली घेऊन परत गेला.

यावर आता दोन उन्हाळे गेले. ओट्यावर दहा-दहा किलो कैऱ्यांचं लोणचं झालं, मीठ, मोहरी, तेल सगळं सांडलं. भांड्याच्या साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून पुसते, बस. नळाच्या बुंध्याशी चुन्याचं कडं धरतं, ते महिन्यातून एकदा काढते. पहिल्या मे महिन्यात आईंनी खलबत्ता नेमका त्या तीन इंचांच्या पट्टीवर ठेवून जिरं कुटलं तेव्हा माझा जीव उडाला होता. तेव्हापासून कुटायला जुन्या कडप्प्याचा तुकडा आहे, तोच अर्धचंद्राचा. तो मागच्या ओसरीत टाकला आहे आणि आई तिथेच बसून कुटतात.

मागच्या महिन्यात समोरच्या काकू दगडाचं नाव विचारायला आल्या. मी नावाऐवजी सहा तुकड्यांचं खोकं दिलं, रंगवलेल्या काळ्यासकट. पंधरा दिवसांनी त्यांनी परत आणून दिलं आणि सांगितलं की जेट ब्लॅक पक्का केला. मी म्हटलं, काकू, पाण्याच्या कड्या? त्या म्हणाल्या, "मी पण पंधरा दिवस सिंकजवळच ठेवला न. काही नाही उमटलं." मग माझ्या लक्षात आलं. त्यांच्या प्लॉटवर विहीर नाही, बोअरिंग नाही. त्यांच्याकडे भांडीसुद्धा नळाच्या पाण्यात धुतात.